सेक्टर ५, पण कुठला?

गुरुग्राम जिल्ह्यात सेक्टर ५ दोन आहेत. एक जुन्या शहरातला, राहत्या घरांचा. दुसरा तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर, दिल्ली-जयपूर महामार्गालगतच्या आयएमटी मानेसरमधला, कारखान्यांचा. सेक्टर ४ आणि ७ यांचीही तीच गत. शहराने आपले आकडे वापरलेले होते, औद्योगिक वसाहतीने तेच पुन्हा वापरले. त्यात २०१६ साली गुडगावचं गुरुग्राम झालं. २०२० च्या डिसेंबरात मानेसरला स्वतःची महानगरपालिका मिळाली. पत्ता लिहिणारा मात्र आपापल्या सवयीने लिहीत राहिला: कुणी ‘गुडगाव’, कुणी ‘गुरुग्राम’, कुणी ‘मानेसर, दिल्ली एनसीआर’, तर कुणी कारखान्याला लागून असलेल्या गावाचं नाव, नाहरपूर कासन.

मालाचा ट्रक चुकला तर ड्रायव्हर फोन करतो. ‘मारुतीच्या गेटावरून पुढे या’ म्हटलं की भागतं. शोधयंत्र फोन करत नाही. ते पान वाचतं, अंदाज बांधतं आणि पुढे जातं. आणि पत्ता म्हणून व्हिजिटिंग कार्डाचा फोटोच पानावर चिकटवलेला असेल, तर तो अंदाजही अर्धाकच्चाच राहतो.

वेबसाइटवर मेटा टॅग आणि स्ट्रक्चर्ड डेटा घालणं म्हणजे काय, हे मराठीत सविस्तर सांगणारं हे पुस्तक याच अंदाजाशी झगडतं. आपण कोण, कुठे, काय करतो, कुठल्या भाषेत बोलतो, यातलं जे जे ठामपणे सांगता येतं ते यंत्राच्या तर्कावर का सोडायचं, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना मला सगळ्यात भावली ती त्याची भूमिका. ही युक्ती नाही, हे निवेदन आहे, असं ते मानतं. बाजारात हा विषय ‘गूगलवर वर येण्याचा उपाय’ म्हणून विकला जातो. त्यामुळे त्याचं फार नुकसान झालं आहे.

मानेसरमध्ये बसून या पुस्तकाची प्रस्तावना लिहिण्याला एक कारण आहे. वाहनाच्या सुट्या भागांचा धंदा पुणे आणि मानेसर या दोन ठिकाणांना घट्ट बांधून ठेवतो. पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, इथे मानेसरात आयकॅट आहे. वाहनं आणि त्यांचे भाग तपासून प्रमाणित करणाऱ्या या संस्था एकाच राष्ट्रीय चाचणी प्रकल्पात शेजारी शेजारी आल्या, आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी अहिल्यानगरची व्हीआरडीईही त्यात होती. होंडाच्या दुचाकींचा कारखाना इथे २००१ मध्ये सुरू झाला, मारुतीच्या इथल्या कारखान्याचं उद्घाटन २००७ साली झालं, आणि त्यांच्या मागोमाग लहानमोठे पुरवठादार आले. माझ्या ओळखीतली इथली मराठी मंडळी भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर या वाटेनेच आलेली आहेत. यातल्या बऱ्याच कारखान्यांची वेबसाइट एकदा केव्हातरी बनते आणि मग तशीच पडून राहते. यंत्रं बदलतात, प्लॉट वाढतो, दुसरं युनिट चाकणला उघडतं. वेबसाइटला त्यातलं काही कळलेलं नसतं.

या लोकांना मेटा टॅग समजावायचा तर त्यांच्या शॉप फ्लोअरवरूनच सुरुवात करावी. तिथे टॅग नसलेला एकही बिन चालत नाही. पार्ट नंबर, नग, कुठलं ऑपरेशन झालं, तपासणी कुणी केली, सगळं त्या टॅगवर. बिनमधला माल तोच असतो, टॅग लावल्याने तो सुधारत नाही. पण टॅग नसेल तर तो माल कुणी पुढच्या मशीनवर घेत नाही. नाकारलेल्या मालावर लाल टॅग लागतो. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता-मानकाचं ऑडिट दिलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. वेबपानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, जे लिहिलेलं असतं त्याचं काम नेमकं असंच आहे.

या माथ्यावरच्या टॅगांची गोष्ट वेबच्या बालपणापासूनची. १९९५ च्या नोव्हेंबरात एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून छापली गेली, तिच्यात ‘मेटा’ हा घटक आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि कुठल्याही डिजिटल वस्तूबद्दल किमान काय सांगितलेलं असावं याची एक छोटी यादी करायला लागले. कर्ता, शीर्षक, विषय, तारीख, भाषा. ती ‘डब्लिन कोअर’ म्हणून आजही वापरात आहे. या सगळ्याच्या पायाशी ग्रंथालयाचा विचार आहे, जाहिरातीचा नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जाहिरात नंतर घुसली. सुरुवातीच्या शोधयंत्रांनी पानाच्या मालकाने दिलेल्या ‘कीवर्ड्‌स’वर विश्वास ठेवला. लोकांनी त्या विश्वासाचं काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांचा पानाशी संबंध नाही असे शब्द शेकड्यांनी कोंबले गेले. अखेर २००९ च्या सप्टेंबरात गूगलने जाहीरच केलं की क्रम लावताना आम्ही कीवर्ड्‌सचा मेटा टॅग वापरत नाही. इतकी वर्षं लोटली तरी आजही वेबसाइट बनवून देणारा कुणी ना कुणी कारखानदाराला विचारतोच, ‘साहेब, कीवर्ड कुठले टाकायचे?’ या पुस्तकाने त्या टॅगला एक परिच्छेद दिला आणि तो सोडून दिला, ते योग्यच केलं.

उरलेल्या टॅगांपैकी काही खरोखर कामाचे आहेत. शीर्षक तांत्रिक अर्थाने मेटा टॅग नाही, पण त्यांचा थोरला भाऊ आहे. मानेसरातल्या कितीतरी साइटींच्या मुख्य पानाचं शीर्षक आजही नुसतं ‘होम’ असतं. ‘होम’ या शब्दाने कुणी शीट मेटलचे भाग शोधत नाही. डिस्क्रिप्शन म्हणजे पानाचा दोन ओळींचा सारांश. तो दिला म्हणून क्रमांक वाढत नाही आणि गूगल पुष्कळदा तो बाजूला सारून पानातलीच एखादी ओळ दाखवतं. तरीही तो लिहावा, कारण आपलं पान दोन ओळींत सांगता येत नसेल तर पानातच गोंधळ आहे हे लिहिणाऱ्याला तिथेच उमगतं. व्ह्यूपोर्टचा टॅग २००७ मध्ये आयफोनबरोबर ॲपलने आणला. तो नसेल तर मोबाइलवर पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतं. कॅनॉनिकलचा दुवा, २००९ पासून, एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर असेल तेव्हा खरा पत्ता कुठला ते सांगतो.

रोबोट्सच्या टॅगबद्दल जरा थांबून बोलायला हवं. त्यात ‘नोइंडेक्स’ असं लिहिलं की शोधयंत्र ते पान आपल्या यादीत घेत नाही. वर सांगितलेला लाल टॅग तो हाच. साइट बांधत असताना, अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून, तो सर्वत्र लावून ठेवतात. साइट सुरू झाल्यावर तो काढायचा असतो. तो काढायचा राहून गेला की पानं ब्राउझरमध्ये उत्तम उघडतात, मालक खूश असतो, ठेकेदाराचं बिल चुकतं झालेलं असतं, आणि शोधात मात्र कंपनीचा मागमूस नसतो. हे महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण कुठेही काही मोडल्यासारखं दिसत नाही. अशी साइट मी पाहिली आहे. मालकाने तोवर जाहिरातीवर पैसे घालायला सुरुवात केली होती.

आणि व्हॉट्सॲप. मराठी वाचकाला मेटा टॅगचं सगळ्यात रोजचं दर्शन तिथे घडतं, जरी त्याला ते माहीत नसलं तरी. दुवा पाठवला की खाली जे चित्र, शीर्षक आणि ओळभर मजकूर उमटतो तो फेसबुकने २०१० मध्ये आणलेल्या ओपन ग्राफच्या टॅगांतून येतो. मानेसरचा पर्चेस मॅनेजर पुरवठादाराची साइट गूगलवर शोधण्याआधी ती व्हॉट्सॲपवर कुणाकडून तरी मागवतो, हा माझा अनुभव. तिथे कंपनीच्या नावाऐवजी टेम्प्लेट विकणाऱ्याने ठेवलेलं परदेशी ऑफिसचं चित्र उमटलं तर पहिली छाप तिथेच पडते. तीन-चार ओळींचं काम आहे, पण ते करायला कुणाला सुचत नाही.

इथवर मेटा टॅग. स्ट्रक्चर्ड डेटा ही त्याच्या पुढची पायरी, आणि पुस्तकाचा मोठा भाग तिनेच व्यापला आहे.

पानाच्या माथ्यावर ‘हे पान अमुकबद्दल आहे’ एवढं सांगून भागत नाही तेव्हा तिची गरज पडते. पानात एक कंपनी आहे, तिचा पत्ता आहे, त्या पत्त्याचा पिनकोड आहे, ती काही उत्पादनं बनवते, तिच्याकडे एक प्रमाणपत्र आहे, ते कुणीतरी दिलेलं आहे. या सगळ्या वस्तूंमध्ये नाती आहेत. माणूस ती सहज वाचतो. यंत्राला ती उलगडून सांगावी लागतात. टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सिमँटिक वेब’चं स्वप्न मांडलं ते हेच. स्वप्न मोठं होतं, परिभाषा अवघड होती, आणि साधा वेबसाइटवाला तिच्या वाटेला गेला नाही.

ती वाट सोपी करणाऱ्यांमध्ये एक भारतीय नाव ठळक आहे. रामनाथन गुहा, आयआयटी मद्रासचे मेकॅनिकल इंजिनिअर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ते ‘सायक’ या प्रकल्पात होते, ज्यात व्यवहारज्ञान म्हणजे ‘पाणी ओलं असतं’ या जातीची माहिती संगणकाला हाताने शिकवायचा प्रयत्न चालला होता. पुढे ॲपल, नेटस्केप. आरडीएफ आणि आरएसएस या वेबच्या मानकांच्या जडणघडणीत त्यांचा हात. आणि मग गूगल. २ जून २०११ रोजी गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि याहू या एरवी एकमेकांच्या उरावर बसलेल्या तिघांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ जाहीर केलं, त्यामागे गुहा होते. रशियाचं यांडेक्स त्याच वर्षी सामील झालं. एकच शब्दसंग्रह, जो सगळी शोधयंत्रं वाचतील. आज त्यात आठशेहून अधिक प्रकार आहेत: संस्था, व्यक्ती, पुस्तक, पाककृती, नोकरीची जागा, नाटकाचा प्रयोग, रुग्णालय. आयुष्यभर यंत्राला अर्थ शिकवण्याच्या खटाटोपात घालवलेल्या माणसाने शेवटी ठरवलं की सगळं ज्ञान एका जागी कोंबण्यापेक्षा ज्याची माहिती त्याने स्वतः, आपल्या पानावर, साध्या शब्दांत सांगावी. मला हा निर्णय या क्षेत्रातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

लिहिण्याच्या पद्धती तीन आहेत. मायक्रोडेटा आणि आरडीएफए या दोन पद्धतींत खुणा पानाच्या मजकुरातच गुंफाव्या लागतात, आणि पानाची रचना बदलली की त्या तुटतात. तिसरी जेसन-एलडी, तिला २०१४ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. तिच्यात सगळी माहिती एका वेगळ्या तुकड्यात, नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी लिहितात. गूगलही हीच सुचवतं. ज्याने कधी एक्सेलमध्ये वेंडर मास्टर भरलं आहे त्याला ती बघताक्षणी कळते. पुस्तकाने तिच्यावरच भर दिला आहे, ते रास्त आहे.

आता तो पत्ता घेऊ. स्कीमाच्या भाषेत पत्ता ही एक ओळ नसते, ती एक वस्तू असते आणि तिचे कप्पे असतात. रस्त्याच्या कप्प्यात प्लॉट क्रमांक, सेक्टर ५, आयएमटी मानेसर. गावाच्या कप्प्यात मानेसर की गुरुग्राम, हे एकदाच ठरवायचं आणि सगळीकडे तेच ठेवायचं. राज्याच्या कप्प्यात हरियाणा. तिथे ‘दिल्ली एनसीआर’ लिहायचं नाही, कारण त्या नावाचं राज्य नाही. मग पिनकोड, आणि इथे गुंता एका झटक्यात सुटतो: जुन्या गुरुग्रामचा १२२००१, मानेसरचे १२२०५० पासून पुढचे. शेवटी अक्षांश-रेखांश, तेही कारखान्याच्या मालवाहू गेटाचे. गुडगाव हे जुनं नाव शोधणारे अजून पुष्कळ आहेत म्हणून ते पानाच्या मजकुरात, दिसेल असं, एकदा येऊ द्यावं.

हे सगळं वाचताना छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगरच्या वाचकाला आपली गोष्ट वाटेल, आणि ती आहेच. शहराचं नाव बदललं की पाटी एका दिवसात बदलते. पण जुन्या नावाने छापलेली बिलं, नकाशे, निर्देशिका, लोकांच्या जिभा, हे सगळं पुढची वीस वर्षं मागे मागे येत राहतं. अशा वेळी संस्थेच्या नोंदीत पर्यायी नावाचा कप्पा उपयोगी पडतो. संस्थेच्या स्वतःच्याच नावात जुनं शहर असेल, जसं अनेक शाळा, बँका आणि मंडळांच्या नावात असतं, तर दोन्ही नावं तिथे द्यावीत. आणि ‘सेम ॲज’ नावाचा एक गुणधर्म आहे, तो तर मला फार मोलाचा वाटतो. आमची ही साइट, विकिडेटावरची ही नोंद, हे फेसबुक पान, ही सगळी एकाच संस्थेची, असं त्यातून सांगता येतं. विकिडेटा २०१२ साली सुरू झालं आणि तिथे प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो. मुंबईचा क्यू ११५६. नाव मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, जुनं लिहा, नवं लिहा, क्रमांक हलत नाही.

या सगळ्याचा फायदा काय, हे विचारायचा कारखानदाराला अधिकार आहे, आणि उत्तर सरळ दिलं पाहिजे. स्ट्रक्चर्ड डेटा घातला म्हणून शोधातला क्रमांक वर जातो असं गूगल म्हणत नाही. त्याने पान काही खास मांडणीसाठी पात्र ठरतं: पाककृतीचं चित्र आणि वेळ, कार्यक्रमाची तारीख, वस्तूची किंमत. पात्र ठरतं एवढंच. दाखवायचं की नाही हे गूगल ठरवतं आणि आपलं मत बदलतंही. प्रश्नोत्तरांची घडी शोधनिकालात उघडी करून दाखवण्याची सोय होती तेव्हा प्रत्येक पानाखाली ओढूनताणून प्रश्नोत्तरं उगवली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गूगलने ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरती आवळली. ‘कसं करावं’ या मांडणीचीही त्याच सुमारास गच्छंती झाली. ज्यांनी केवळ त्या चकाकीसाठी मेहनत घेतली होती त्यांची मेहनत वाया गेली. ज्यांनी खरीच प्रश्नोत्तरं लिहिली होती, त्यांच्या गिऱ्हाइकाला ती पानावर आजही वाचायला मिळतात.

मानेसरच्या पुरवठादारासाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. उत्पादनाची खास मांडणी मिळायला किंमत, परीक्षण किंवा सरासरी गुण यांपैकी काहीतरी द्यावं लागतं. ब्रॅकेट किंवा बुश बनवणारा कारखाना आपली किंमत साइटवर लावत नाही, लावूही शकत नाही; ती ड्रॉइंग पाहून, नगांवर, वाटाघाटीत ठरते. मग काही सल्लागार एक रुपया अशी खोटी किंमत टाकतात किंवा कुणीच न दिलेले पाच तारे टाकतात. हे करू नका. कंपनीने स्वतःच्याच साइटवर स्वतःला दिलेले तारे दाखवणं गूगलने २०१९ मध्येच बंद केलं आहे. आणि जी माहिती पानावर वाचकाला दिसत नाही ती स्ट्रक्चर्ड डेटात घालू नये, हा तर लेखी नियम आहे. तो मोडल्याचं कुणी माणसाने तपासून ठरवलं तर खास मांडणीची पात्रताच जाते. अशा कारखान्याने संस्थेची नोंद नीट करावी, पानांची उतरंड सांगणारी ब्रेडक्रंबची नोंद करावी, नोकरीची जागा निघाली तर तिची करावी आणि भरल्यावर ती काढून टाकावी. मानेसरात आयटीआयची मुलं मोबाइलवरच नोकरी शोधतात. भरलेली जागा महिनाभर जाहिरातीत राहिली तर बिलासपूर, पटौदीपासून कुणीतरी भाडं खर्चून गेटावर येऊन परत जातं.

हल्ली आणखी एक विचारणा होते: आता लोक शोधयंत्राऐवजी थेट उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धीला विचारतात, मग हे कशाला? गूगलने आपल्या अशा उत्तरांसाठी वेगळा स्कीमा लागत नसल्याचं सांगितलं आहे, तेव्हा त्या नावाने कुणी नवं पॅकेज विकायला आलं तर दारातूनच परत पाठवावं. पण पत्ता, फोन, वेळ, प्रमाणपत्राची मुदत या साध्या गोष्टी एकदा चुकीच्या पसरल्या की उत्तर देणारं यंत्र त्या आत्मविश्वासाने सांगतं. तेव्हा मूळ जागी त्या नेमक्या असण्याची गरज वाढलीच आहे.

आता भाषेबद्दल, जो भाग पुस्तकात सगळ्यात शेवटी आहे आणि माझ्या मते सगळ्यात आधी वाचावा. मराठी वेबची पहिली कित्येक वर्षं यंत्राच्या दृष्टीने कोरी गेली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण वापरात होते ते ज्याचे त्याचे फॉण्ट. पान डोळ्यांना मराठी दिसे; आत रोमन अक्षरांचा चिवडा असे. अशा कित्येक भारतीय पानांच्या माथ्यावर अक्षरसंचाच्या टॅगमध्ये ‘एक्स-यूजर-डिफाइन्ड’ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे ही अक्षरं कुठली ते आमचं आम्हालाच माहीत. शोधयंत्राने त्या पानांत मराठी शब्द शोधायचा तरी कसा? त्या काळातल्या बातम्या, अग्रलेख, पुरवण्या होत्या आणि नव्हत्या. आज यूटीएफ-८ चा एक छोटा टॅग ते काम करतो, आणि तो लावताना मला दर वेळी वाटतं की हा आपल्याला फार उशिरा मिळाला.

त्याच माथ्यावर पानाची भाषा ‘एमआर’ म्हणून सांगता येते. गूगल भाषा ओळखायला दिसणारा मजकूरच पाहतं, या खुणेवर विसंबत नाही. म्हणून कित्येक जण ती लावत नाहीत, किंवा हिंदीचं टेम्प्लेट घेतलेलं असतं तिथे ‘एचआय’ तशीच राहते. पण पान मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र तिच्याकडे पाहतं, आणि अंध वाचकाला मराठी मजकूर हिंदी उच्चारांत ऐकावा लागतो. फॉण्टही तिच्याकडे पाहतात. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीहून वेगळं आहे. काही चांगल्या देवनागरी फॉण्टांत दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कळलं तरच मराठी वळण उमटतं. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसावा की नाही, हे दोन अक्षरांच्या त्या खुणेवर ठरतं. मानेसरात, जिथे शेजारच्या प्रत्येक फलकावर हिंदी वळण आहे, मला हे जरा जास्तच जाणवतं. एकाच कंपनीची इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशी तीन पानं असतील तर ‘एचरेफलँग’चे दुवे तिन्ही पानांवर द्यावेत, म्हणजे चाकणच्या माणसाला मराठी पान आणि धारूहेड्याच्या माणसाला हिंदी पान पुढे येतं. दुवे एकमेकांकडे बोट दाखवणारे हवेत. एकतर्फी दिले तर ते धरले जात नाहीत.

पुस्तकातली उदाहरणं कारखान्यांची आहेत, दुकानांची आहेत, एक-दोन शाळांचीही. ती पुरेशी आहेत. तरी मला त्यात एका उदाहरणाची भर घालावीशी वाटते, कारण हे पुस्तक मराठी प्रकाशकांच्याही हाती जाणार आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची वर्गवार सूची १९४४ साली प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० पर्यंतची दुसरी १९६१ साली. एकेका ग्रंथाची नोंद, त्याचा विषय, कर्ता, प्रकाशनाचं वर्ष. संगणक नव्हता, जे होतं ते चिकाटी आणि कार्डं. मराठीचा अभ्यास करणारा माणूस आजही त्या सूचीकडे जातो. त्यानंतर निघालेल्या ग्रंथांची संख्या एवढी आहे की ते काम पुन्हा कुणा एका माणसाने अंगावर घ्यावं अशी अपेक्षाच करता येत नाही. पण ज्याने पुस्तक छापलं त्याने आपल्या पानावर त्याची नोंद करावी, ही अपेक्षा करता येते. स्कीमामध्ये पुस्तक हा प्रकार आहे. त्यात लेखक, अनुवादक, चित्रकार, आवृत्ती, आयएसबीएन, पृष्ठसंख्या, भाषा, प्रकाशनाची तारीख यांचे कप्पे आहेत. आज बहुतेक मराठी प्रकाशकांच्या साइटींवर मुखपृष्ठाचं चित्र असतं, किंमत असते आणि कार्टचं बटण असतं. अनुवादकाचं नाव पुष्कळदा फक्त मुखपृष्ठाच्या त्या चित्रातच असतं, जिथे ते यंत्राला दिसेलच असं नाही. मूळ पुस्तक कुठलं, ते कुठल्या भाषेतलं, हे तर अनेकदा लिहिलेलंच नसतं. स्कीमात त्यासाठीही कप्पा आहे. पहिली आवृत्ती कधीची आणि हाती आहे ती कितवी, हे सांगितलं की जुन्या पुस्तकाला नव्या पुस्तकात गणलं जात नाही. कविता की ललित की चरित्र, ते लिहिलं की शोधणाऱ्याच्या हाती लागतं. एका पुस्तकाची नोंद, सगळी माहिती समोर असेल तर, चहा निवायच्या आत होते. आपल्या जुन्या पुस्तकांपासून सुरुवात करायची असेल तर आधी अनुवाद घ्यावेत, कारण तिथे सगळ्यात जास्त नावं गळली आहेत.